पेटीवर पिकलेलं केळं

मागच्या अंकात मलेशियातल्या मेलाका शहरातल्या माझ्या शेजारणीबद्दल लिहिताना मी एक मलाय पांतुन, म्हणजे चार ओळींची लोककविता, दिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की हे अख्खं सदर त्यांनाच देते आहे. ज्यांच्याकडे तो अंक नाही त्यांच्यासाठी ते पांतुन पुन्हा एकदा:

पिसांग अमास दिबावा बलायार,
मासाक सबिजी दि आतास पती;
हुतांग अमास बोलेह दिबायार,
हुतांग बुदी दिबावा माती.

मराठीत मी ते असं बसवलं होतं:

सोनकेळ्यांचा घड तारवात चढे,
एकच पिकलं पेटीच्या माथी;
सोन्याचं ऋण माणूस फेडे,
उपकाराचं जाई मरणासाथी.

आम्ही १९९१ ते २००० अशी नऊ वर्षं मेलाकात राहिलो. शेजारच्या लाकडी घरात राहणाऱ्या बाईंना सगळी गल्ली 'माकचिक' म्हणायची, म्हणजे मावशी किंवा काकू. मीही तेच म्हणायचे. पांतुनबद्दल मला जे कळलं त्यातलं निम्मं त्यांच्या ओट्यावर कळलं, निम्मं नंतर वाचून. आता पत्रांकडे वळते.

'एका ऑनलाइन कार्यशाळेत मी "पांतूम" हा काव्यप्रकार शिकलो. तो फ्रेंच असल्याचं सांगितलं होतं. त्यात ओळी पुन्हा पुन्हा येतात. तुमच्या पांतुनात तर एकही ओळ परत येत नाही. हे दोन्ही एकच की वेगळे?' (ठाणे)

मूळ एकच. पण वाटेत बरंच काही सांडलं, आणि जे सांडलं त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

मलाय पांतुन म्हणजे चार ओळी. एका ओळीत साधारण चार शब्द, आठ ते बारा अक्षरं. पहिलीचं यमक तिसरीशी, दुसरीचं चौथीशी. इथवर सोपं आहे. खरी मेख दोन-दोन ओळींच्या जोड्यांत आहे. पहिल्या दोन ओळींना 'पम्बायांग' म्हणतात. 'बायांग' म्हणजे सावली. शेवटच्या दोन ओळी म्हणजे 'माक्सुद', सांगायचा मुद्दा. पम्बायांगात केळी असतात, जळवा असतात, विहिरी, बदकाची अंडी, नारळ, नदी, जे डोळ्यांसमोर असेल ते. माक्सुदात माणसाच्या मनातलं असतं. मुद्द्याची सावली आधी अंगणात पडते आणि माणूस मागून येतो.

बहुतेक पांतुनं एकटी असतात. चार ओळींत जन्म, चार ओळींत शेवट. पण 'पांतुन बर्काइत' म्हणून एक साखळी-प्रकारही आहे. त्यात एका कडव्याची दुसरी आणि चौथी ओळ पुढच्या कडव्याची पहिली आणि तिसरी होते. अंगणात शंभर झाडं असावीत आणि परदेशी पाहुण्याने त्यातल्या एकाचीच फांदी तोडून न्यावी, तसं पुढे झालं.

विल्यम मार्सडेन हा इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुमात्रात बेंकूलेनला राहिलेला. १८१२ मध्ये त्याने मलाय भाषेचं व्याकरण छापलं आणि त्यात अशाच एका साखळीचा नमुना दिला. फुलपाखरांचं पांतुन. त्याची पहिली दोन कडवी मराठीत अशी आणता येतील:

फुलपाखरं उडती भिरभिर
समुद्रावर, प्रवाळखडकाच्या टोकाला;
काळजात माझ्या हुरहुर
तेव्हापासून ते आजच्या घडीला.

समुद्रावर, प्रवाळखडकाच्या टोकाला,
गिधाड उडालं बांदानकडे;
तेव्हापासून ते आजच्या घडीला
तरुण किती आले नजरेपुढे.

पुढे त्या गिधाडाचं पीस पातानीला गळून पडतं, आणि बोलणारी सांगते की इतके पाहिले पण माझ्या या तरुणासारखा एकही नाही. एर्नेस्त फुइने या फ्रेंच अभ्यासकाने हे फ्रेंच गद्यात उतरवलं, आणि व्हिक्टर ह्यूगोने १८२९ च्या आपल्या 'ले ओरियांताल' या संग्रहाच्या टिपांमध्ये ते छापलं. टिपांमध्ये, हे लक्षात घ्या. ह्यूगोने स्वतः त्या साच्यात कविता लिहिली नव्हती. त्या पुस्तकात शब्द 'पांतूम' असा छापला गेला. शेवटच्या 'न'चा 'म' झाला तो कायमचाच. आज इंग्रजीतही 'म'च लिहितात.

त्या टिपेने फ्रेंच कवींना वेड लावलं. तेओदोर द बांविलने छंदशास्त्रावरच्या आपल्या पुस्तकात या प्रकाराचे नियम बांधून दिले. शार्ल बोदलेरच्या १८५७ च्या संग्रहात संध्याकाळवर एक कविता आहे. तिच्यात ओळी अशाच गुंफत जातात, पण यमकांची मांडणी त्याची स्वतःची आहे, सगळ्या कवितेत दोनच यमकं. फुलं धूपदाण्यांसारखी दरवळतात आणि ओळी झोक्यासारख्या परत येतात. ती मला फार आवडते. ती पांतुन नाही हे माहीत असूनही आवडते. संगीतकार मोरिस राव्हेलने तर १९१४ च्या आपल्या पियानो त्रयीतल्या दुसऱ्या भागाला 'पांतूम' असंच नाव दिलं, आणि दोन वेगळे विषय आलटून पालटून पुढे नेले.

ह्यूगोच्या आधी जर्मनीतही एकाला हे सापडलं होतं. आडेलबर्ट फॉन शामिसो हा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि कवी. रशियन जहाजावरून जगप्रदक्षिणा करून आलेला. त्याने १८२० च्या दशकात 'मलाय पद्धतीने' म्हणून जर्मन कविता लिहिल्या. तिकडे त्याचा फारसा बोलबाला झाला नाही. फ्रान्सची गोष्ट जगभर गेली, कारण तेव्हा कवितेतलं जे काही जगभर जायचं ते पॅरिसवरूनच जायचं.

विसाव्या शतकात जॉन ॲशबेरी, डोनल्ड जस्टिस अशा अमेरिकन कवींनी तो इंग्रजीत रुजवला. शेवटच्या कडव्यात पहिल्या कडव्याची पहिली आणि तिसरी ओळ उलट क्रमाने आणायची आणि कविता जिथून निघाली तिथेच संपवायची, हा नियम तुम्हाला कार्यशाळेत सांगितला असेल. मलायात असा नियम नाही. दुःख, पश्चात्ताप, रोज तेच तेच घडणारं आयुष्य, अशा विषयांना ही परतणारी ओळ छान लागू पडते, म्हणून त्या कवींनी ती उचलली. त्यात काही गैर नाही.

पण युरोपने साखळी नेली आणि सावली मागे ठेवली. अंगणातली वस्तू आणि मनातली गोष्ट शेजारी बसवायची, त्यांच्यामध्ये 'जसं' किंवा 'तसं' हा शब्दही येऊ द्यायचा नाही आणि ऐकणाऱ्याला तो सांधा स्वतः शोधू द्यायचा, ही पांतुनची खरी करामत. बांविलला ती कळली होती. दोन विषय समांतर चालले पाहिजेत असं त्याने लिहिलंय. पण आजच्या बहुतेक कार्यशाळांत ओळी कुठल्या क्रमाने परत येतात तेवढंच शिकवतात. तुमच्या शिक्षकांना हे पत्र जरूर दाखवा.

'"हुतांग बुदी" मधला "बुदी" म्हणजे आपली बुद्धीच ना? मग पांतुन भारतातून तिकडे गेलं असं म्हणता येईल का? आणि ते किती जुनं?' (छत्रपती संभाजीनगर)

शब्द आपलाच. मलायात गेल्यावर त्याचा अर्थ चांगुलपणा, उपकार, शील असा झाला. नुसतं डोकं चालतं त्यापेक्षा दुसऱ्यासाठी हात पुढे येतो त्याला तिथे बुदी म्हणतात. 'पती' म्हणजे पेटी, तो शब्द तमिळमधून गेला. दोन्ही शब्द त्या चार ओळींत एकाखाली एक बसलेत. आणि हे दुसरं पाहा, शाळकरी पोरांनाही पाठ असतं:

जळू कुठून येते?
भातखाचरातून ओढ्यात उतरते.
प्रेम कुठून येतं?
डोळ्यांतून काळजात उतरतं.

मूळ मलायात यातल्या प्रेमाला शब्द आहे 'चिंता'. संस्कृतातलीच चिंता, आपल्याला रात्री झोपू देत नाही तीच. समुद्रापार जाऊन ती प्रेम झाली. माकचिकनी मला पहिल्यांदा हे म्हणून दाखवलं तेव्हा मी 'चिंता डोळ्यांतून उतरते' असं समजले आणि मान डोलावली, कारण तसंही ते खरंच वाटलं. आणि 'काळीज' म्हणून मी जे लिहिलंय तिथे मूळ शब्द 'हाती' आहे. त्याचा शब्दशः अर्थ यकृत. आपला 'काळीज' हा शब्दही मुळात यकृताचाच आहे.

इतकं सगळं असूनही साचा भारतातून गेला असं मी म्हणणार नाही. शब्द व्यापाऱ्यांबरोबर, पुरोहितांबरोबर आले. सावली-मुद्दा ही मांडणी त्या द्वीपसमूहाच्या हाडामांसातली आहे. जावामध्ये तिला 'पारिकान' म्हणतात, सुंदा लोकांत 'सिसिंदिरान', सुमात्राच्या बाताक लोकांत 'उम्पासा'. मिनांगकाबाऊ लोकांची समारंभातली भाषणं पांतुनांनी भरलेली असतात. जिथे साचा आतून उगवतो तिथेच त्याला इतकी घरगुती नावं मिळतात.

किती जुनं, हेही तुम्ही विचारलंय. मलाय राजांच्या इतिहासग्रंथात, 'सजाराह मलायु'मध्ये, तुन जाना खातिब या पासाईहून सिंगापुरात आलेल्या सिद्धपुरुषाची गोष्ट आहे. राजवाड्याजवळच्या सुपारीच्या झाडाकडे त्याने नुसतं रोखून पाहिलं आणि झाड उभं चिरलं. राणी पाहत होती, म्हणून राजाला राग आला. त्याने तुन जाना खातिबला ठार करायला लावलं. रक्ताचा थेंब सिंगापुरात पडला, देह नाहीसा झाला, आणि लोकांनी चार ओळी म्हटल्या:

बदकाचं अंडं सिंगोराचं,
केवडा पडलाय, ओलांडून जा;
रक्त ठिबकलं सिंगापुरात,
देह पडलाय लंकावीत.

इथे मी यमक सोडलं, शब्द तेवढे ठेवले. राजाविरुद्ध एक शब्द त्यात नाही. पण रस्त्यात पडलेलं काहीतरी लोक ओलांडून जातात, ही ओळ आधी येते. कुणाच्या जिभेवर ठपका ठेवणार?

'आमच्याकडे लग्नात उखाणे घेतात. तुमचं पांतुन वाचून आईला उखाणाच आठवला. ती म्हणते, "भाजीत भाजी मेथीची" हेही तसंच आहे. तिचं बरोबर आहे का?' (कोल्हापूर)

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. अगदी बरोबर आहे.

'भाजीत भाजी मेथीची, अमुकराव माझ्या प्रीतीचे' यात मेथीचा आणि नवऱ्याचा संबंध काय? काही नाही, आणि आहेही. मेथी रोजची, स्वस्त, थोडी कडवट आणि तरी घरात हवीच. सून हे उलगडून सांगत नाही. यमकाने दोन्ही गोष्टी एका पाटावर बसवते आणि मोकळी होते. मलायात दोन ओळींचं पांतुन असतं, त्याला 'कार्मिना' म्हणतात. ते आपल्या उखाण्याचं सख्खं भावंड वाटावं असं आहे, जरी दोघांचे आईबाप वेगळे.

त्यातलं एक मी रोज ऐकायचे:

सुदाह गाहारु, चंदाना पुला;
सुदाह ताहु, बर्तान्या पुला.

अगरू तर होतंच, वर आणखी चंदन? माहीत तर आहेच, वर आणखी विचारणं? गंमत म्हणजे दुसरी ओळ कुणी म्हणतच नाही. ईदच्या आदल्या संध्याकाळी माकचिक ओट्यावर बसून नारळाच्या कोवळ्या झावळ्यांच्या पट्ट्यांनी कतुपात विणायच्या, भात शिजवायच्या छोट्या चौकोनी पिशव्या. दोन पट्ट्या डाव्या हाताला गुंडाळायच्या, एक वर, एक खाली, मग टोकं ओढली की पिशवी घट्ट. मी तिसऱ्या वर्षीही विचारायचे, 'आता ही पट्टी वरून की खालून?' त्या मान वर न करता म्हणायच्या, 'सुदाह गाहारु...' आणि थांबायच्या. उरलेलं मी मनात म्हणायचं. रागावणंही झालं आणि माझा मानही राहिला.

एक फरक मात्र सांगायला हवा. उखाण्यात नाव घ्यायचंच असतं, तो त्याचा प्राण. पांतुनात नाव घ्यावं लागत नाही. कुणी रचलं तेही बहुतेकदा कुणाला माहीत नसतं. आणि उखाण्यात पहिली ओळ कशीही असली तरी चालवून घेतात, 'चांदीच्या ताटात' काहीही ठेवता येतं. पांतुनात ते खपत नाही. मी एकदा मोठ्या उत्साहाने चार ओळी जुळवल्या. यमक चोख होतं. पहिल्या दोन ओळींत बाजारातले मासे होते, शेवटच्या दोनांत आईची आठवण. माकचिकनी बोटांवर शब्द मोजले, चार, चार, चार, चार. मग म्हणाल्या, 'कोसोंग.' म्हणजे रिकामं. मासे कुठलेही असते तरी चाललं असतं, म्हणून ते रिकामे.

मग त्यांनी मला केळ्याचं पांतुन उलगडून दाखवलं. समुद्रप्रवासाला निघालेला माणूस कच्चा घड घेतो, कारण पिकलेला टिकत नाही. घड पेटीवर ठेवलाय, पेटीत बहुधा पैसा. एक केळं पिवळं झालं की बाकीचीही होणार, म्हणजे दिवस मोजायला लागायचे. सोन्याच्या रंगाची वस्तू पेटीवर नासत चालली आहे आणि खरं सोनं आत आहे. आता वाचा, सोन्याचं ऋण फिटतं. मी ते पांतुन वर्षभर म्हणत होते आणि त्या केळ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

'मुलीच्या मलाय मैत्रिणीच्या घरी मागणी घालायला पाहुणे आले होते. दोन्हीकडची वयस्कर माणसं समोरासमोर बसून बराच वेळ कवितेत बोलत होती. मध्ये विड्याचं तबक होतं. ते काय चाललं होतं?' (सिंगापूर)

पांतुनाची अदलाबदल चालली होती. मुलाकडचे कधी थेट विचारत नाहीत. 'तुमच्या बागेत एक फूल फुललंय असं ऐकलं, कुणी खुडलंय का?' असं पांतुनात विचारतात. मुलाला भुंगा म्हणतात. मुलीकडच्यांनी पांतुनातच उत्तर द्यायचं. नकार द्यायचा असेल तरी फुलाबद्दलच बोलतात, त्यामुळे कुणाचा अपमान होत नाही. विड्याच्या तबकाला 'तपाक सिरिह' म्हणतात. पान-सुपारी पुढे सरकवली की बोलणं सुरू. सुपारी फोडून लग्न ठरवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

जकार्ताच्या बतावी लोकांत तर वरातच दारात अडवतात. त्या विधीचं नाव 'पालांग पिंतु', दाराचा अडसर. मुलीकडचा एक माणूस पांतुन टाकतो, मुलाकडच्याने ते पांतुनाने परतवायचं, मग सिलात या युद्धकलेची थोडी झटापट, आणि मगच आत. पांतुन अडलं की गर्दी हसते. तुमच्या मुलीला पुढच्या वेळी एखादं पाठ करून जायला सांगा. घरातली म्हातारी माणसं तिला डोक्यावर घेतील.

'आमच्याजवळच्या कोर्लईत जी पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात तशीच मेलाकात आहे म्हणे. मग कोर्लईतही पांतुन आहे का?' (रेवदंडा)

भाषेचं नातं खरं आहे. मेलाका १५११ ते १६४१ पोर्तुगीजांकडे होतं, चौल-कोर्लई १७४० पर्यंत. दोन्हीकडे सैनिक, खलाशी आणि स्थानिक बायकांच्या घरांतून पोर्तुगीज शब्दांच्या नव्या बोल्या तयार झाल्या, आणि राज्य गेल्यावरही राहिल्या. मेलाकातल्या बोलीला 'क्रिस्तांग' म्हणतात. उजोंग पासिरला समुद्राकाठी त्यांची वस्ती आहे. कोर्लईची गाणी तिच्या स्वतःच्या मुशीतली. पांतुनाशी गाठ पडली ती मेलाकात, कारण ते तिथल्या हवेतच होतं.

क्रिस्तांग लोकांत 'माता कांतिगा' म्हणून सवाल-जवाब आहेत, पुरुष एक कडवं टाकतो, बाई दुसऱ्याने तोडते. 'जिंकली नोना' हे त्यांचं गाणं लग्नात वाजतंच. त्यात तो म्हणतो, मला लग्न करायचंय, पण घराला दार नाही, आत येऊ कसा? पोर्तुगालच्या खेड्यातही चार ओळींची लोककडवी होतीच. त्या कडव्यांना मेलाकात मलाय शेजार मिळाला, आणि आता कुठला धागा कुणाचा हे उसवून सांगणं अवघड आहे.

हे मी आणखी थोडं पुढे नेते, कारण माझ्या मते पांतुनाच्या पसरण्याचं खरं उत्तर पॅरिसमध्ये नाही, मेलाकाच्या बंदरात आहे. वारं फिरेपर्यंत व्यापाऱ्यांना तिथे महिनोन्महिने थांबावं लागायचं. गुजराती, तमिळ, जावानी, चिनी सगळे एकमेकांशी मलायात बोलायचे. सोळा शब्दांची कविता, लिपी लागत नाही, वाद्य नसलं तरी चालतं. परक्या भाषेतलं पहिलं काही पाठ होतं तर तेच. तिथेच स्थायिक झालेल्या चिनी घरांत बाबा-न्योन्या समाज घडला. तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज चिट्टी, अजूनही हिंदू, घरात देव, बोलणं मात्र मलाय. या सगळ्यांनी पांतुन आपलं केलं. मेलाकातलं 'दोंडांग सायांग' हे व्हायोलिन, डफ आणि घंटेच्या साथीने पांतुनातच एकमेकांना उत्तरं देत गायचं गाणं आजही चार समाज गातात: मलाय, बाबा-न्योन्या, चिट्टी आणि पोर्तुगीज वंशाचे. २०१८ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद केली. डिसेंबर २०२० मध्ये खुद्द पांतुनाची झाली, इंडोनेशिया आणि मलेशिया या दोघांनी मिळून मागितलेली. एरवी या दोन देशांत कुठली गोष्ट कुणाची यावर वाद होतो, म्हणून ती बातमी वाचून मला जास्त बरं वाटलं.

मी एकदा चिट्टी वस्तीत एका बारशाला गेले होते. एका आजीबाईंनी कपाळाला भस्म लावलेलं, अंगात मलाय कबाया, आणि पाळण्यापाशी मलायात पांतुन. माझ्या हातात हळदीकुंकवाची डबी होती, ती त्यांनी न विचारता ओळखली.

'मराठीत पांतुन लिहिता येईल का? तुम्ही लिहिलंय का?' (लातूर)

येईल. ओवी, उखाणा, फुगडीची गाणी यांवर वाढलेल्या कानाला ते जड नाही. आठ ते बारा अक्षरं मराठी लोकगीताला मानवतात. मी एवढंच सुचवेन, आधी शेवटच्या दोन ओळी लिहा, काय सांगायचंय ते ठरवा. मग घराबाहेर या आणि जे दिसतं त्यात त्याची सावली शोधा. पुस्तकातलं कमळ आणि चकोर नको. तुमच्या लातूरच्या अंगणात जे आहे ते.

माझं एकच आहे. आम्ही २००० साली मेलाका सोडलं तेव्हा सामान गाडीत चढत होतं आणि माकचिक फाटकाशी उभ्या होत्या. निरोपाचं पांतुन तिकडे ठरलेलं आहे, सगळ्यांना येतं. त्यांनी ते म्हटलं:

कालाउ आदा सुमुर दि लादांग,
बोलेह किता मनुम्पांग मांदी;
कालाउ आदा उमुर यांग पांजांग,
बोलेह किता बर्जुम्पा लागी.

शेतात विहीर असली तर आपण तिथे अंघोळ करू. आयुष्य लांब असलं तर आपण पुन्हा भेटू. पांतुनाला पांतुनाने उत्तर द्यायची रीत आहे. मला ती चांगली माहीत होती. पण त्या दिवशी एक ओळ सुचली नाही. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी माझे दोन्ही हात हातांत घेतले, आणि आम्ही निघालो. पुढे सहा वर्षांनी त्यांच्या मुलीचं पत्र आलं, त्या गेल्याचं. तेव्हा पाऊस होता, आणि मी रत्नागिरीला माहेरी मागच्या पडवीत बसले होते. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या, खाली वहिनीने घागर लावून ठेवली होती. ती केव्हाच भरली होती. तरी प्रत्येक थेंबाला वाजत होती. तिथे बसून जे सुचलं ते त्यांच्या मुलीला मलाय अर्थासकट पाठवलं:

पागोळीखाली ठेवली घागर,
भरली तरी वाजत राही;
मध्ये पडला अख्खा सागर,
हाक तुमची विरत नाही.